रंगाखालचा पत्रा

जुन्या मोटारीचा रंग उडू लागला की आपण म्हणतो, गाडी म्हातारी झाली. इंजिन धडधाकट असतं, पत्राही बहुतेक ठिकाणी शाबूत असतो. पण चाकाच्या कमानीवर रुपयाएवढा पापुद्रा सुटला की मालकाचं मन गाडीवरून उतरतं. मग तो एक तर सगळी गाडी रंगवायला काढतो, नाही तर विकायला. मोटारीच्या रंगाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्यातल्या बऱ्याच वस्तू आपल्या भंडारा जिल्ह्याच्या ओळखीच्या आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच. त्यांचा रंगही बग्गीचाच असे, जवसाच्या तेलातला आणि ब्रशनं थरावर थर चढवलेला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होतं. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, घासायचं, मग पुढचा थर द्यायचा. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे जात. हे तेल लवकर वाळावं म्हणून त्यात मँगनीजचे क्षार घालत.

आता आपल्याकडे पाहा. धान कापणीला येतं तेव्हा बांधीतल्या ओलीवर आपला शेतकरी लाखोळी आणि जवस फेकतो. मँगनीज म्हटलं की तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आठवतात. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी करायची, हे तर जुन्या सुतारांचं रोजचं काम.

आठवडेच्या आठवडे थांबणं कारखानदारांना परवडेना. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१४ ते १९२५ या काळात आपली 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात विकली. मोठ्या संख्येनं गाड्या काढायच्या तर भट्टीत लवकर वाळणारा, स्वस्त आणि टिकाऊ डांबरी काळा रंग सोयीचा होता. रंगीबेरंगी गाड्या झटपट निघू लागल्या त्या १९२३ नंतर, 'ड्युको' नावाचा नवा रंग आला तेव्हापासून.

या ड्युकोची कुळकथा बारूदखान्यातली आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथले रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८४६ मध्ये कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. पहिल्या महायुद्धात बिनधुराच्या दारूसाठी त्याचं प्रचंड उत्पादन झालं. १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि कारखान्यांपुढे प्रश्न आला, आता करायचं काय? त्याच जातीचा पदार्थ विद्रावकात विरघळवून ड्यू पाँ कंपनीनं फवारायचा रंग केला. विद्रावक उडाला की रंग वाळला, आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्या जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ पासून दारूगोळ्याचं काम करते आहे. तिच्या भिंतीआडची रसायनं आणि जुन्या गाडीवरची चकाकी यांचं गोत्र असं जवळचं आहे.

आपल्याकडे 'ड्युको' हे कंपनीचं नाव राहिलंच नाही. डालडाचं झालं तसं त्याचं झालं, फवाऱ्यानं मारलेला कुठलाही रंग म्हणजे ड्युको. अँबेसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, महिंद्राची जीप या गाड्या गल्लीतल्या कारागिरांनी पुन्हापुन्हा रंगवल्या. त्यांच्या कामाची भाषा ऐकण्याजोगी असते. रंगाआधीच्या थराला ते 'अस्तर' म्हणतात. शब्द फारसी, अर्थ शेरवानीच्या आतल्या कापडाचा. हिंदी कारागीर ज्याला 'जंग' म्हणतो त्याला मराठी कारागीर 'गंज' म्हणतो. अक्षरं तीच, नुसती उलटी बसलेली. मराठीत कविता करणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला ही सरमिसळ घरचीच वाटते.

पण मुद्दा आहे तो पापुद्र्याचा. रंग वरून झिजतो, सुटतो मात्र खालून. खडा उडून टिकली निघते, पत्रा उघडा पडतो. आपल्या पावसाळ्याचं पाणी त्या जागेतून आत शिरतं आणि गंज रंगाखालून आडवा पसरत जातो. वर फुगा दिसतो तेव्हा आत त्याहून मोठी जागा गेलेली असते. अलीकडच्या गाड्यांत रंगावर पारदर्शक लेप असतो. वैशाखाच्या उन्हानं त्याची पकड सुटते आणि तो सायीसारखा निघतो. दोन्ही ठिकाणी वरून नवा रंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावणं.

हे शहाणपण भंडाऱ्याला नवं नाही. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावाला कल्हई ठाऊक आहे. कल्हईवाला भांडं आधी घासून लख्ख करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. भांडं मळकट राहिलं तर कथील धरत नाही. मोटारीचा चांगला पेंटर याच नियमानं चालतो. आधी धुऊन तेलकटपणा आणि मेण काढायचं. रंग जिथवर सैल आहे तिथवर खरवडायचं आणि त्यापुढेही बोटभर जायचं. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा. शाबूत रंगाची कड इतकी उतरवायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. मग अस्तर, गरजेपुरती पातळ लांबी, पुन्हा घासणं, पुन्हा अस्तर आणि शेवटी रंग. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवण्यापेक्षा पाण्याचा कागद वापरावा आणि नाकातोंडावर मास्क असावा.

रंगाचा मेळ हीसुद्धा एक परीक्षाच. डब्यावरचा क्रमांक कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. आपली गाडी वीस उन्हाळे खाऊन बसलेली असते. म्हणून जाणता पेंटर थोडा रंग कालवून पत्र्याच्या तुकड्यावर मारतो, वाळू देतो आणि मग उन्हात गाडीशेजारी धरून पाहतो. पावसाळी हवेत तो ड्युको मारायला नाखूश असतो. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो.

याउलट घाईचं काम म्हणजे गंजावरच जाड लांबी थापून चकाचक करणं. जुनी गाडी घेताना काही जण खिशात लहानसं लोहचुंबक ठेवतात ते यासाठीच. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीच्या जाड थरावर ते घसरतं.

आज हे सांगायचं कारण आहे. २०२१ मध्ये देशात वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झालं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनंही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. धूर ओकणारी, तळ गंजलेली गाडी रस्त्यावरून जायलाच हवी, यात वाद नाही. पण जी गाडी हातभर जागेच्या नीट डागडुजीनं आणखी काही वर्षं धावली असती, तीही नुसत्या दिसण्यापायी भंगारात जाते. मोठ्या वर्कशॉपांत तर दुरुस्तीऐवजी अख्खा दरवाजाच बदलण्याकडे कल असतो. अशानं त्या लोखंडाबरोबर बोटानं कड ओळखणारा कारागीरही आपण मोडीत काढतो. हे ज्ञान पुस्तकात नसतं. उस्तादाशेजारी बसून, पाण्याचा कागद हातात धरूनच ते शिकावं लागतं.

तेव्हा गाडीवर टिकली उडालेली दिसली की पावसाआधीच ती दाखवून घ्या. आणि पेंटरनं जागा वाढवून खरवडायला घेतली तर त्याच्यावर रागावू नका. तो काम वाढवत नाही, रंग कुठवर सुटला आहे ते पाहतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)