गायकाचा आवाज आणि समाजाचा दावा

मार्च १९८८ मध्ये पंजाबच्या जालंधर जिल्ह्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हत्याकांडे घडली. ८ मार्चला महसमपूर येथे कार्यक्रमासाठी आलेले गायक अमरसिंग चमकीला, त्यांची सहगायिका-पत्नी अमरजोत आणि दोन साथीदार मारले गेले. २३ मार्चला, भगतसिंगांच्या स्मृतिदिनीच, कवी पाश तलवंडी सलेम येथे खलिस्तानवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पाश वाङ्मयेतिहासात प्रतिष्ठित झाले; चमकीला मात्र ‘अश्लील’ या एका विशेषणात मिटवले गेले. ही विभागणी तपासून पाहणे आवश्यक आहे.

पंजाबी गीत आणि राजकारण यांचे नाते जुने आहे. १९०७ मध्ये लायलपूरच्या सभेत बांके दयाळ यांनी म्हटलेल्या ‘पगडी सँभाल जट्टा’ या गीताने वसाहत विधेयकाविरुद्धच्या शेतकरी आंदोलनाला नावच दिले. या गीतात कवी शेतकऱ्याला उद्देशून बोलतो आणि त्याची पगडी हे समूहाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनते. गायक समाजाच्या वतीने बोलतो हा संकेत येथे दृढ झालेला दिसतो. त्याची दुसरी बाजू अशी की, जो वतीने बोलतो त्याने काय बोलावे हे ठरवण्याचा हक्कही समाज आपल्याकडे ठेवतो.

चमकीला यांनी हा संकेत मोडला. दलित कुटुंबात जन्मलेल्या या गायकाची द्वंद्वगीते दारू, विवाहबाह्य संबंध आणि घरातील कुरबुरी यांविषयी होती. त्यांतील गाव ओळखीचे होते. पण गौरवास्पद नव्हते. कॅसेट आणि आखाडे यांमुळे हे चित्र घरोघरी पोचले. १९८७ मध्ये अतिरेकी गटांनी दारू, मांस आणि लग्नातील डामडौल यांवर बंदी घालणारी आचारसंहिता पुकारली, तेव्हा असे गाणे निव्वळ करमणूक राहणे शक्यच नव्हते. त्यांनी गायिलेली धार्मिक गीतेही लोकप्रिय झाली, तरी त्यांचे मारेकरी आणि हेतू न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाहीत. म्हणून ‘अश्लीलतेची शिक्षा’ हे प्रचलित स्पष्टीकरण वस्तुतः मारणाऱ्याचाच संभाव्य युक्तिवाद इतिहास म्हणून स्वीकारते.

पुढे नियंत्रणाची भाषा शासनसंस्थेने उचलली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मद्य, अमली पदार्थ व हिंसा यांचा गौरव करणाऱ्या गीतांना आळा घालण्याचे आदेश दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने शस्त्रगौरवाच्या गीतांवर बंदी घातली. दरम्यान २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात कंवर ग्रेवाल यांच्यासारख्यांचा आवाज पुन्हा ‘वतीने’ बोलू लागला. सिद्धू मूसेवाला यांनी २०२२ मध्ये मानसातून निवडणूक लढवली आणि ते हरले. २९ मे रोजी त्यांची हत्या झाली. सतलज-यमुना कालव्यावरील त्यांचे मरणोत्तर गीत जूनमध्ये भारतात यूट्यूबवरून हटवले गेले. ज्या श्रोत्यांनी मते दिली नाहीत, त्यांनीच अंत्ययात्रेला अलोट गर्दी केली असणे शक्य आहे. श्रोता आणि मतदार या एकाच माणसाच्या दोन भूमिका असतात. त्या एकमेकांत सहज रूपांतरित होत नाहीत.

यातून समीक्षेपुढे एक जबाबदारी येते. जनप्रिय गीताचा केवळ ‘संदेश’ शोधून त्याला पुरोगामी वा विकृत ठरवणे म्हणजे नियंत्रकाच्याच निकषांनी वाचणे होय. त्याऐवजी कोणाला कोणाच्या वतीने गाता येते आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न विचारावा लागेल. त्या प्रश्नापुढे पाश आणि चमकीला एकाच पानावर येतात.