जर्दाळूचं झाड

साल १७८४. पॅरिसलगतच्या पासी गावात, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेत तुम्ही कडेला उभे आहात. हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अमेरिकी राजदूत मुतखड्यानं बेजार, म्हणून राजानं नेमलेली चौकशी समितीच त्यांच्या दारी आली आहे.

चौकशी आहे फ्रान्झ मेस्मरच्या दाव्याची. तो दावा असा, की विश्वभर पसरलेला एक अदृश्य प्रवाह हातानं किंवा कांडीनं वळवून रोग बरे करता येतात. त्याच्या दालनात रोग्यांना झटके येतात, अंगात आल्यासारखं होतं. खुद्द मेस्मर आलेला नाही. त्याचा शिष्य डॉक्टर देस्लाँ आलाय. त्यानं एका जर्दाळूच्या झाडात ‘चुंबकत्व’, म्हणजे तोच प्रवाह, भरलंय.

घरातून बारा वर्षांच्या पोराला आणतात. डोळ्यांवर पट्टी. देस्लाँनंच निवडलेला, फार संवेदनशील. पहिल्या झाडाला तो मिठी मारतो. मिनिटभरात घामानं निथळतो, खोकतो. दुसरं झाड: डोकं ठणकतं. तिसरं: “जवळ आलोय,” असं तो सांगतो. तुम्हाला दिसतंय, की तो जर्दाळूपासून उलट लांब चाललाय. ओरडून सांगावंसं वाटतं. पण तुम्ही बोललात तर सगळंच वाया. चौथ्या झाडापाशी पोराची शुद्ध हरपते, हातपाय ताठरतात. जर्दाळू अजून चोवीस फूट दूर.

देस्लाँ लगेच सावरून घेतो: झाडांत मुळातच चुंबकत्व असतं, माझ्या हजेरीनं ते वाढलं. म्हणजे पोरगा जर्दाळूपाशी पडला असता तरी मेस्मर खरा, आणि इथे पडला तरी खराच! ज्या दाव्याला हरायची सोयच नाही, तो जिंकला तरी काय कळणार?

समितीतल्याच लव्हॉझिए यांच्या घरी याची दुसरी बाजू पाहा. एका बाईला साध्याच पेल्यांनी झटका येतो. मग तिला न सांगता, खुद्द देस्लाँनं भारलेल्या पेल्यातून पाणी देतात. ती ते शांतपणे पिते आणि बरं वाटलं म्हणते.

एरवी औषध आणि औषधावरची श्रद्धा एकाच घोटात पोटात जातात. पट्टीनं त्या दोहोंची फारकत केली.

बागेत पोरगा गवतावर डोळे उघडतो. ‘ढोंगी’ हा शब्द तुमच्या ओठांवर आलेला असतो. तेवढ्यात त्याचा घामानं भिजलेला सदरा दिसतो, आणि तुम्ही तो शब्द गिळता.