पिस्तुलाची पारख आणि खानदेश

पिस्तूल विकत घेण्यापूर्वीं जाणता मनुष्य चार गोष्टी पाहतो. एका वेळीं काडतुसें किती भरतां येतात, गोळी केवढी आहे, वजन किती आहे, आणि ऐन वेळीं तें दगा तर देणार नाहीं ना? विसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रश्नांना नवेंच महत्त्व आलें. तोंवर लहान हत्यार म्हणजे मुख्यतः रिव्हॉल्व्हर. त्याच्या फिरत्या चक्रांत बहुधा सहा काडतुसें बसत. यंत्र साधें असल्यानें एखादें काडतूस फुसकें निघालें, तरी चाप पुन्हा ओढतांच पुढचें समोर येई. परंतु चक्रामुळें तें मध्येंच फुगलेलें असे व कपड्याखालीं सहज लपत नसे.

अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून बेल्जममधील हेर्स्टालच्या कारखान्यानें १९०० सालीं जें पिस्तूल काढलें, त्याची रीत निराळी होती. झाडलेल्या गोळीच्या धक्क्यानेंच रिकामें नळकांडें बाहेर फेंकलें जाई व नवें काडतूस नळींत शिरे. प्रत्येक गोळीसाठीं फक्त चाप ओढावयाचा. मुठींत सात काडतुसें, वजन सुमारें ६२५ ग्रॅम, गोळी ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे ज्याला ३२ बोअर म्हणतात ती, आणि आकार चपटा. जर्मन माउझर पिस्तुलांत दहा काडतुसें राहत व त्याचें लांकडी म्यान मुठीस जोडून तें बंदुकीप्रमाणें खांद्याला लावतां येई. मात्र तें खिशांत मावणारें नव्हतें.

ही तुलना करण्याची मोकळीक हिंदुस्थानांत फार थोड्यांना होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरविलें होतें. परवानेवाला गृहस्थ दुकानांत जाऊन दोन पिस्तुलें हातांत तोलून पाही. क्रांतिकारकापुढें प्रश्न वेगळाच असे: कोणतें हत्यार लपून येऊं शकेल? १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें मुंबईस धाडलीं. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राउनिंग पिस्तूलच झाडलें. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालांतून पन्नास माउझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें पळविलीं गेलीं, तेव्हां बंगालच्या तरुणांनीं कांहीं माउझर निवडलें नव्हतें. जें हातीं लागलें तेंच पुढें वर्षानुवर्षें वापरलें गेलें.

खानदेशांत या गोष्टीची कसोटी जळगांवच्या न्यायालयांत लागली. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले होते. पूर्व खानदेशचें ठाणें जळगांव व पश्चिम खानदेशचें धुळें. भुसावळ पूर्व खानदेशांत पडतें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग तेथें दुभंगून एक फांटा नागपुराकडे व दुसरा अलाहाबादेकडे जातो. याच स्थानकावर १९२९ सालीं भगवानदास माहौर व सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे दोन साथीदार सामानाच्या झडतींत सांपडले. खटला जळगांवास चालला. लाहोर कटांतील माफीचे साक्षीदार जयगोपाल व फणींद्रनाथ घोष यांना तेथें आणण्यांत आलें. २१ फेब्रुवारी १९३० रोजीं माहौर यांनीं भर न्यायालयांत त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. पहाऱ्यांतील कैद्यापर्यंत पिस्तूल पोंचलें होतें!

लहान हत्याराचा मोठा गुण तो हाच. तें आंत नेतां येतें. पण त्याची मर्यादाही त्याच दालनांत उघड झाली. दोन्ही साक्षीदार जिवंत राहिले आणि माहौर यांना जन्मठेप झाली. फणींद्रनाथावर नोव्हेंबर १९३२ मध्यें बिहारांतील बेतिया येथें पुन्हा हल्ला होऊन त्यांत तो मेला; त्या वेळीं वापरलेलें हत्यार पिस्तूल नव्हे, तर धारेचें होतें.

दुसरा प्रसंग पश्चिम खानदेशचा. १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना नेणारी मोटार शिंदखेडें तालुक्यांतील चिमठाणें गांवाजवळ अडविण्यांत आली आणि सुमारें साडेपांच लाख रुपये साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामासाठीं नेण्यांत आले. जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी हे त्यांत होते. खानदेशांतील कार्यकर्त्यांचें त्यांना साह्य होतें. अशा कामांत पिस्तुलाच्या मुठींत सात गोळ्या कीं दहा, यापेक्षां मोटार केव्हां निघणार, कोणत्या वळणावर अडवावी आणि रात्रीं कोणाचें दार उघडेल, हें जाणणें अधिक मोलाचें असतें. हें ज्ञान कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रकांत छापलेलें नसतें.

स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं हत्यारांचा नवा कायदा केला. परवान्याची अट त्यानें कायम ठेवली. सामान्य नागरिकास ३२ बोअरचें पिस्तूल परवान्यानें मिळूं शकतें, ९ मिलिमीटरचें मात्र निषिद्ध वर्गांत मोडतें. जेथें माहौर पकडले गेले, त्या भुसावळच्या तालुक्यांत वरणगांव येथें १९६४ पासून सरकारी कारखान्यांत काडतुसें तयार होऊं लागलीं. काळ असा पालटला, तरी पारखीचा धडा जुनाच राहिला. नळी, गोळी व वजन यांची तुलना दुकानांत होऊं शकते. पण तें हत्यार हातीं घेऊन मनुष्य काय साधणार आणि काय गमावणार, याचा हिशेब दुकानदार देऊं शकत नाहीं. तो जळगांवच्या न्यायालयांत आणि चिमठाण्याच्या रस्त्यावरच मांडला गेला.