संततिनियमन आणि स्त्रीची इच्छा

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात शरीरसंबंधाचा विषय चारचौघांत निघाला तो बहुधा विधवेच्या निमित्ताने. बायको वारली की पुरुष लवकरच दुसरे लग्न करी. उच्चवर्णीय विधवेच्या वाट्याला मात्र केशवपन आणि माजघराचा कोपरा येई. तिला दिवस गेले तर पुरुष नामानिराळा राही आणि तिला विहीर तरी जवळ करावी लागे किंवा पोटच्या पोराचा जीव तरी घ्यावा लागे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यामुळेच. तिथे विधवेला गुपचूप बाळंत होता येई. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला.

१८८१ साली विजयालक्ष्मी या गुजरातमधल्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घ्यायचे ते घेतलेच. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून तो पुरुषांतच कसा जास्त आहे, हे त्या दाखवतात. पुरुषाला बायको नावडती होऊ शकते, तर बायकोला नवरा का नाही, हा त्यांचा सवाल आजही बोचरा वाटतो. तरी त्यांचा भर दोष कोणाचा यावर आहे; स्त्रीला सुख हवे असते, असे उघड म्हणायला आणखी चार दशके जावी लागली.

ते म्हटले र. धों. कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, ओढगस्त आली आणि घराचा भार पत्नी मालतीबाईंनीही उचलला. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले.

स्त्रीला कामेच्छा मुळातच कमी असते, असे तेव्हाचे सुशिक्षितही धरून चालत. कर्व्यांनी गणितज्ञाच्या कोरडेपणाने त्याची फोड केली. गरोदरपणाची धास्ती, बदनामी आणि पोटासाठी नवऱ्यावर अवलंबून असणे, ही तिन्ही ओझी एकट्या स्त्रीवर. मग तिचा संकोच उपजत आहे असे कशावरून म्हणायचे? म्हणून संततिनियमनाची साधने त्यांच्या लेखी केवळ पोरांची संख्या आवरण्यासाठी नव्हती. धास्ती गेली की स्त्रीलाही पुरुषाइतकेच सुख घेता येईल, असे त्यांचे म्हणणे. मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र नग्न स्त्रियांची चित्रे असत. नग्नतेत गैर काही नाही, ही भूमिका त्यामागे होती खरी. पण स्त्रीची बाजू मांडणाऱ्या अंकाचे दर्शनी पान पुरुषांच्या नजरेला सोयीचे होते, हेही नाकारता येत नाही.

सरकारने कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरले. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्याला कारण झाली ती वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लोक शंका विचारतात आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळते, यात अश्लील काय, असा बचाव होता. निकाल विरुद्धच लागला.

स्त्रीच्या इच्छेवरचा वाद वर्ध्यातही रंगला. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. बायकांनी नवऱ्याला ठामपणे नकार द्यायला शिकावे, कृत्रिम साधनांची गरज पडणार नाही, असे गांधीजींचे मत. नकाराचा हक्क मानणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण त्यात इच्छा पुरुषाची आणि संयम स्त्रीचा, अशी वाटणी गृहीत होती. स्त्रीलाही तितकीच ओढ असते, असे सँगरबाईंनी सांगून पाहिले. दोघांचे एकमत झाले नाही. कर्वे तर गांधीजींच्या ब्रह्मचर्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधून सतत टीका करत.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांचे संततिनियमन असे सरकारमान्य झाले. त्यांची कारणे मात्र सरकारने उचलली नाहीत: कार्यक्रम आखला गेला तो लोकसंख्या आणि मातेचे आरोग्य डोळ्यांपुढे ठेवून, आणि स्त्रीच्या सुखाचा मुद्दा बाजूलाच राहिला.