खंडनाच्या पोटी जन्मलेली विद्या

युरोपात इस्लामच्या अभ्यासाचा पाया घातला गेला तो मठात. फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख पीटर ११४२ मध्ये स्पेनला गेले आणि अरबी जाणणारे पंडित त्यांनी पैसे देऊन कामाला लावले. त्यांपैकी रॉबर्ट ऑफ केटन यांनी ११४३ मध्ये कुराणाचा लॅटिन अनुवाद पुरा केला. उद्देश उघड होता: इस्लामचे खंडन. पण खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष जाणावा लागतो, आणि पुढचा इतिहास या अटीतूनच घडत गेला.

चारशे वर्षे हा अनुवाद हस्तलिखितांतच फिरला. १५४२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलला तो छापायला घेतला, तेव्हा नगरपरिषदेने काम अडवले. मार्टिन ल्यूथर यांनी रदबदली केली आणि १५४३ मध्ये ग्रंथ बाहेर आला. १६९८ मध्ये इटालियन धर्मगुरू लुदोविको मराच्ची यांनी अरबी मूळ, नवा लॅटिन अनुवाद आणि खंडन एकत्र छापले. हेतू तोच, पण टिपांसाठी त्यांनी मुस्लिम भाष्यकारच वाचले होते. जॉर्ज सेल यांच्या १७३४ च्या इंग्रजी कुराणाला मराच्चींचा मोठा आधार मिळाला.

हिंदुस्थानात मात्र पूर्वपक्ष स्वतःच बोलू लागला. गोव्याहून निघालेले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले आणि मौलवींशी समोरासमोर वाद करू लागले. खरी कसोटी लागली ती आग्ऱ्यात, एप्रिल १८५४ मध्ये. ‘मीझानुल हक’ हा इस्लामच्या खंडनाचा ग्रंथ लिहिणारे जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांच्यासमोर मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि डॉक्टर वझीर खान उभे राहिले. बायबलच्या पाठात फेरफार झाले, हे दाखवायला त्यांनी युरोपीय ख्रिस्ती पंडितांचेच ग्रंथ पुढे केले. काही ठिकाणी पाठभेद आहेत, हे फांडर यांना भर सभेत मान्य करावे लागले. कैरानवींनी पुढे ‘इझहारुल हक’ हा अरबी ग्रंथ लिहिला.

फांडर यांच्याच आग्रहावरून विल्यम म्यूर या सनदी अधिकाऱ्याने जुन्या अरबी साधनांवरून पैगंबरांचे चरित्र लिहायला घेतले. ते छापून झाले, तेव्हा सर सय्यद अहमद खान उत्तराची साधने जमवायला लंडनला गेले आणि १८७० मध्ये त्यांनी आपले निबंध इंग्रजीत प्रसिद्ध केले.

विसाव्या शतकात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात एकेकाळी अध्यापन केलेले विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी कॅनडातील मॅगिल विद्यापीठात इस्लामी अध्ययनाची संस्था उभारली आणि तिथे मुस्लिम विद्वानांनाही बरोबर घेतले. एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांनाही पटले पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९५९ मध्ये मांडला.

ही कसोटी काटेकोर आहे, आणि इतिहासकाराला ती प्रत्येक वेळी पाळता येणार नाही. तरीही परक्या धर्मावर लेखणी उचलणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपले लिखाण आधी तिच्यावर घासून पाहावे.