गुळाची पेठ आणि साथीतली साखर

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस आटायचा, गुळव्याच्या नजरेवर पाक उतरायचा आणि ढेपा बैलगाड्यांतून पेठेत यायच्या. दारी आलेल्यापुढे गूळ-पाणी ठेवायचे, ही या मुलखाची रीत.

पेठ मूळ धरत होती तेव्हाच प्लेग आला. 1896 मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ काही वर्षांतच कोल्हापूर संस्थानात पोचली. माणसे राहती घरे सोडून माळावरच्या झोपड्यांत गेली. साथीशी झुंजायचे म्हणजे आधी गाव मोकळे करायचे. रोग्याच्या रक्तात आधीपासून काय बिघडले आहे, हे सहज तपासण्याची सोय तेव्हा नव्हती.

गोड लघवीचा रोगी इतर दुखण्यांना लवकर बळी पडतो, हे मात्र वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत प्रमेह्याच्या अंगावर उठणाऱ्या गळवांचा, प्रमेहपिडकांचा, स्वतंत्र विचार आहे. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी काळपुळी किंवा क्षय झालेला मधुमेही हाती लागणे कठीण असे.

पुढे शंभर वर्षांनी कोरोनाने तोच धडा नव्याने शिकवला. 2021 मध्ये राज्यात दुसरी लाट ओसरू लागली, तरी कोल्हापूर जिल्ह्यात जून-जुलैपर्यंत रुग्णसंख्या चढीच होती. संस्थानकाळापासून शहराचा आधार असलेले छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. तिथे ऑक्सिजनइतकीच रक्तातल्या साखरेवरही नजर ठेवावी लागत होती.

साखर वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी वेळेवर पोचत नाहीत आणि जंतू गिळण्याची त्यांची ताकद घटते. शिवाय आजाराच्या ताणाने शरीरात जी संप्रेरके वाढतात, ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे आधी मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवते, हे दाखवले. पण हेच औषध साखर झपाट्याने वाढवते.

चीनच्या हुबेई प्रांतातल्या सात हजारांहून अधिक कोविड रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मधुमेह्यांपैकी ज्यांची साखर उपचारांदरम्यान साधारण 70 ते 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या टप्प्यात राहिली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 1.1 टक्के होते. ज्यांची आटोक्याबाहेर गेली, त्यांच्यात 11 टक्के. दोन्ही गटांत वयाचा आणि इतर आजारांचा फरक होता, पण तो जमेस धरूनही अंतर मोठेच उरले.

महाराष्ट्राने याचे सगळ्यात भीषण रूप म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारात पाहिले. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा यांमुळे या बुरशीला मोकळे रान मिळाले. नाकातून ती डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचायची. कोरोनातून वाचलेल्यांचे जबडे आणि डोळे शस्त्रक्रियेत गेले. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद बंधनकारक करायला सांगितले. महाराष्ट्राने त्याचे उपचार महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आणले.

गुळाच्या मुलखात साखर आटोक्यात ठेवण्याच्या आड एक घट्ट समज येतो: साखर वर्ज्य, पण गूळ चालतो. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, तरी त्याचा मोठा भाग उसाची साखरच असतो. मधुमेह्याच्या रक्तात तीही साखरच वाढवते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत आणि कित्येकांना आपला आजार ठाऊकच नाही. क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची साखर तपासण्याचे धोरण आधीच आहे. तापाची मोठी साथ आली की गावागावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी.