वऱ्हाडांतील पाकगृहाची मांडणी

जुन्या वाड्यांची टांचणें करितांना देवडी, सोपा व देवघर यांचीं मापें आपण काळजीपूर्वक घेतों. पाकगृहाची मात्र एका ओळींत बोळवण करितों. ही उपेक्षा दूर व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. चें ६ वें शतक) महानसास आग्नेय दिशा नेमून दिली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत तें ऐसपैस, शुचि व जाळीदार गवाक्षांनीं युक्त असावें असें म्हटलें आहे. तेथें मुख्य दृष्टि राजाच्या अन्नांतील विषप्रयोग टाळण्याची आहे. परंतु काय शिजवावयाचें त्यावरून चूल कशी मांडावी, हें या वचनांवरून कळत नाहीं. त्याचें उत्तर प्रत्यक्ष चुलीपाशींच शोधिलें पाहिजे.

अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हें वाशीम जिल्ह्यांतील गांव घ्या. या मुलखांत ज्वारीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या मुख्य अन्न होती. ज्वारीच्या पिठास गव्हाची चिकटाई नाहीं. म्हणून तें ऊन पाण्यांत मळून काथवटींत तळहातानें थापावें लागतें. थापतांना अंगाचा भार वरून पडावा, यासाठीं बैठक जमिनीवर. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशीं ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी करून शेकावयाची. म्हणून चुलीपुढें मोकळी जागा. वरण मंद आंचेवर शिजावें म्हणून बाजूस वैल. पाणी उजव्या हाताशीं, सरपण डाव्या हाताशीं, अशी सोय जिची तिनें लावावयाची. तात्पर्य, मांडणी अन्नानें ठरविली. दिशा हें तिचें केवळ एक अंग.

पुढें मांडणी पालटली. वर्ध्यास १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तेथील मगनवाडींत तयार झालेल्या मगन चुलीनें धूर धुराड्यावाटे बाहेर घालविला. स्त्रियांच्या डोळ्यांस व छातीस पोंचणारा उपद्रव पाहतां हा लाभ थोडा नव्हे. नंतर ग्यास आला, ओटा आला, व बसून रांधणारी गृहिणी उभी राहिली. तथापि ग्यासच्या शेगडीस सोईची उंची भाकरी थापण्यास सोईची असतेच असें नाहीं; थापावयाची जागा कांहींशी खालीं असेल तरच हातास जोर मिळतो. आज जुनें स्वयंपाकघर मोडून नवें बांधणारानें प्रथम विचारावें तें हेंच, कीं या घरांत रोज काय रांधतात, कोण रांधतें, व तिचा हात कोठें पोंचतो.

संशोधकांस येथें कर्तव्य आहे. वाशीमचा ताम्रपट १९३९ मध्यें उजेडांत आला, तेव्हां वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासास ज्ञात झाली. ताम्रपट शतकानुशतकें भूमींत टिकतो. मातीची चूल घर पाडल्याच्या दिवशींच ढिगाऱ्यांत जाते. तिचा दुसरा दाखला दप्तरांत सांपडण्याची आशा अल्प. सबब, घर मोडण्यापूर्वीं चूल, वैल, पाटा, जातें व गवाक्ष यांचीं स्थानें नकाशावर मांडावीं, आणि तेथें राबलेल्या वृद्ध स्त्रियांस कामाचा क्रम विचारून तो तारखेसह टिपून ठेवावा. पोथी गोळा करण्याइतकेंच हें काम निकडीचें आहे. कारण पोथीची नक्कल असूं शकते, या स्मृतीची नाहीं.